८८ पेन्सचं बूच, ९०० वर्षांचं हॉस्पिटल

भावोजींच्या डोळ्यांची तपासणी होती. डोळ्यांत थेंब घातले की दोन-तीन तास सगळं धूसर दिसतं, सोबत कुणीतरी लागतं. ताईची ड्युटी होती, म्हणून मी गेले. बर्मिंगहॅमचं क्वीन एलिझाबेथ हॉस्पिटल बाहेरून कुठल्यातरी मोठ्या विमानतळासारखं दिसतं. आत शिरलं की कॉफीचा, हात धुवायच्या जेलचा आणि ओल्या कोटांचा मिळून एक वास येतो. थेंबांचा परिणाम व्हायला वेळ होता. बसून कंटाळा आला म्हणून आम्ही कॉरिडॉरमध्ये सावकाश फेऱ्या मारत होतो. लिफ्टपाशी भिंतीवर संचालक मंडळाचे फोटो लावले होते. "काय लिहिलंय गं? मला काही दिसेना," भावोजी म्हणाले. मी पहिलं नाव वाचलं. जॅकी स्मिथ, अध्यक्ष. भावोजी डोळे किलकिले करत फोटोच्या इतके जवळ गेले की काचेवर वाफ धरली. मग हसले. "अगं, ही तर आमच्या केसमधली."

"कसली केस?"

"डॉक्टर विरुद्ध गृहमंत्री. त्यातली गृहमंत्री ही."

तेवढ्यात आतून त्यांच्या आडनावाचा पार चुराडा करत कुणीतरी हाक मारली आणि बोलणं तिथेच राहिलं. मी मात्र फोटोपाशीच रेंगाळले. ही बाई मलाही आठवत होती, पण केसमुळे नव्हे. २००९ साली ब्रिटनच्या खासदारांच्या भत्त्यांची लक्तरं वेशीवर टांगली गेली, तेव्हा सगळ्यात जास्त हसू झालं ते हिचं. लंडनमध्ये बहिणीच्या घरी जिथे राहायची ते 'मुख्य' घर, आणि मतदारसंघातलं नवरा-मुलांचं घर 'दुसरं' असं दाखवून भत्ता घेतलेला. त्या भत्त्याच्या पावत्यांमध्ये ८८ पेन्सचं बाथटबचं बूच. आणि टीव्हीच्या बिलात नवऱ्याने पाहिलेले प्रौढांसाठीचे दोन चित्रपट, प्रत्येकी पाच पौंडांचे. देशाची पहिली महिला गृहमंत्री, दहशतवादाच्या संशयितांना आरोप न ठेवता बेचाळीस दिवस कोठडीत ठेवता यावं म्हणून संसदेत भांडणारी, आणि तिची इज्जत गेली ती दहा पौंडांत. मी तेव्हा ही बातमी चवीने वाचली होती, चार जणांना पाठवलीही होती. पुढे काय झालं याची चौकशी करावी असं मला कधी वाटलं नाही. माणूस हास्यास्पद झाला की आपल्या लेखी त्याचा विषय संपतो.

आणि इथे ती एका अवाढव्य सरकारी हॉस्पिटलची अध्यक्ष होऊन भिंतीवर हसत होती.

आपल्याकडे पडलेल्या पुढाऱ्याचं पुनर्वसन कसं होतं ते आपण जाणतोच. एखादं महामंडळ, दिवा नसला तरी गाडी, सोबतीला दोन पीए. महामंडळाने काय काम केलं हे मंडळालाही माहीत नसतं. त्यामुळे माझा पहिला विचार तोच, की सगळीकडे पळसाला पाने तीनच. तरी ते डोक्यातून जाईना. त्या रात्री ताईकडे जेवण झाल्यावर मी या बाईबद्दल वाचायला बसले, आणि नंतरही पुष्कळ दिवस अधूनमधून वाचत राहिले.

मॉल्व्हर्नची ही मुलगी ऑक्सफर्डला शिकली आणि मग शाळेत अर्थशास्त्र शिकवायला लागली. १९९७ साली टोनी ब्लेअरच्या लाटेत मजूर पक्षाच्या शंभरावर बायका एकदम संसदेत गेल्या, त्यांत रेडिचची खासदार म्हणून ही होती. दोनच वर्षांत शिक्षण खात्यात राज्यमंत्री, मग आरोग्य खात्यात, मग व्यापार, मग पुन्हा शाळा, मग मुख्य प्रतोद. दर दोन वर्षांनी नवं खातं, नव्या फायली, नवे सचिव. गॉर्डन ब्राउन पंतप्रधान झाले आणि २८ जून २००७ ला तिला गृहमंत्री केलं. त्याच रात्री लंडनच्या हेमार्केटमध्ये एका नाइट क्लबबाहेर उभ्या मर्सिडीजमधून धूर येताना दिसला. आत गॅसचे सिलिंडर, पेट्रोल आणि खिळे. तो धूर पाहिला एका अॅम्ब्युलन्सवरच्या माणसांनी, जी वेगळ्याच कुणाच्या मदतीला आली होती. दोन दिवसांनी ग्लासगो विमानतळावर पेटती जीप घुसवली गेली, आणि त्या जीपमधला एक जण सरकारी हॉस्पिटलात काम करणारा डॉक्टर निघाला. दुसरा बंगळूरचा इंजिनिअर. म्हणजे पहिल्या तीन दिवसांत तिच्यापुढे आरोग्यसेवा दोनदा आली. एकदा बाँब शोधणारी, एकदा बाँब ठेवणारी. ती टीव्हीवर शांतपणे बोलली, सगळ्यांनी वाखाणणी केली. ताई सांगते, त्या आठवड्यात हॉस्पिटलात कुणी काही बोललं नाही, पण गळ्यातलं ओळखपत्र ती नेहमीपेक्षा जरा वर घालत होती. लगेच दिसावं म्हणून.

आता भावोजींची केस. २००६ च्या वसंतात ब्रिटन सरकारने एका फटक्यात ठरवलं की बाहेरून आलेल्या डॉक्टरांना यापुढे परवान्याशिवाय प्रशिक्षणाच्या जागा मिळणार नाहीत. त्याच सुमारास आरोग्य खात्याने हॉस्पिटलांना सांगितलं की आधी ब्रिटिश आणि युरोपीय उमेदवार घ्या, कुणीच नसेल तर मग हे. प्लॅबची, म्हणजे परदेशी डॉक्टरांसाठीची परीक्षा देऊन, घर गहाण टाकून आलेली पोरं, 'अत्यंत कुशल स्थलांतरित' असा सरकारी शिक्का असलेली, रात्रीतून रांगेच्या शेवटी गेली. भारतीय वंशाच्या डॉक्टरांची संघटना, बापिओ, कोर्टात गेली. भावोजींची स्वतःची नोकरी तेव्हा पक्की झालेली होती, पण वर्गणी काढणाऱ्यांत ते होते. डॉक्टरांनी खिशातून काढलेल्या पैशांवर केस हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेली आणि ३० एप्रिल २००८ ला सरकार हरलं. आरोग्य खात्याची ती सूचना बेकायदेशीर ठरली. निकालाच्या मथळ्यावर सरकारच्या बाजूने नाव होतं ते गृहमंत्र्यांच्या पदाचं. नियम केला तेव्हा ती त्या खुर्चीत नव्हती, सूचना तर दुसऱ्याच खात्याची. पण शेवटपर्यंत लढायचं ठरवणारं सरकार तिचंही होतं, आणि परदेशी माणसाला गुणांवर तोलणारी नवी व्हिसा पद्धतही तिच्याच कारकिर्दीत सुरू झाली. केस जिंकून फार हाती लागलं असंही नाही. दोन वर्षांत पुष्कळ जण परत गेले होते, काही ऑस्ट्रेलियाला.

पण या सगळ्याहून मला अडकवून ठेवलं ते तिच्या एका मुलाखतीने. जून २००९ मध्ये तिने राजीनामा दिला आणि थोड्याच दिवसांत एका राजकीय मासिकाला सांगून टाकलं की गृहमंत्री झाले तेव्हा मी याआधी एवढी मोठी संस्था कधी चालवलेलीच नव्हती. काम चांगलं झालं असेल तर ते कौशल्यापेक्षा नशिबाने. मंत्र्यांना काहीतरी प्रशिक्षण द्यायला हवं होतं. वर्तमानपत्रांनी तिला पुन्हा झोडपलं. मला मात्र ते वाचून धक्का बसला तो वेगळा. पोलीस, गुप्तचर खातं, सीमा, व्हिसा, हे सगळं जिच्या सहीवर चाललं, ती म्हणते मला येत नव्हतं. भावोजींच्या मित्रांना प्लॅब होती, इंग्रजीची परीक्षा होती, बिनपगारी क्लिनिकल अटॅचमेंट, म्हणजे हॉस्पिटलातली फुकट उमेदवारी, होती, प्रत्येक पायरीवर कुणीतरी मार्क देणारं. त्यांचा निवाडा करणाऱ्या खुर्चीला मात्र एकही परीक्षा नव्हती. संताप येतोच. आणि त्याच वेळी असंही वाटतं की हे कबूल करणारा दुसरा कोण आहे? आपल्या किती माजी मंत्र्यांच्या तोंडून असं वाक्य निघेल?

२०१० साली ती रेडिचमध्ये पडली. त्याआधी संसदेत उभं राहून माफी मागून झाली होती. पुढची दोन-तीन वर्षं रेडिओ, सल्लागारी, असलंच काहीबाही. ज्या चित्रपटांनी तिची शोभा केली त्या धंद्यावर तिने बीबीसीच्या रेडिओवर एक कार्यक्रमसुद्धा केला, याला धाडस म्हणायचं की गरज, कोण जाणे. आणि डिसेंबर २०१३ मध्ये ती क्वीन एलिझाबेथ चालवणाऱ्या ट्रस्टची अध्यक्ष झाली. जाता जाता सांगायला हवं, तिच्या आधीचे अध्यक्षही राजकारणीच, बर्मिंगहॅम महापालिकेतले मजूर पक्षाचे बडे नेते. तेव्हा खुर्ची राजकारण्यांच्या ओळखीची होती, हे खरंच.

फक्त ही खुर्ची जरा विचित्र आहे. एनएचएस, म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, तिच्या ट्रस्टच्या अध्यक्षाला हुकूम सोडता येत नाही. हॉस्पिटल चालवतो तो मुख्याधिकारी. तिच्या वेळी सुरुवातीची वर्षं त्या जागी होत्या जूली मूर, नर्स म्हणून सुरुवात करून तिथवर पोचलेल्या. अध्यक्षाने बैठक चालवायची, प्रश्न विचारायचे, मुख्याधिकारी नेमायचा आणि गरज पडली तर काढायचा. बैठकीचे कागद सगळ्या जगाला वाचायला खुले असतात. मी ते वाचून पाहिले. सुरुवातीला झोप येते, आणि मग एकदम येत नाही. रंगीत चौकोनांचे तक्ते. अपघात विभागात आलेल्यांपैकी ९५ टक्के रुग्ण चार तासांत मोकळे व्हायला हवेत, झाले किती? कॅन्सरचा संशय म्हणून पाठवलेल्यांत ज्यांना कॅन्सर निघतो, त्यांतल्या ८५ टक्के रुग्णांवर ६२ दिवसांत उपचार सुरू व्हायला हवेत, झाले किती? वॉर्डात किती म्हातारे पडले, किती जणांना अंथरुणात पडून राहून पाठीला जखमा झाल्या, त्यांतल्या किती टाळता आल्या असत्या, तक्रारींना उत्तर द्यायला किती दिवस लागले. हिरवा चौकोन, पिवळा चौकोन, लाल चौकोन. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. भाषण ठोकायला जागा नाही, जाहीरनामा नाही, टाळ्या तर नाहीतच. गृहमंत्री असताना बेचाळीस दिवसांच्या कोठडीचा ठराव नऊ मतांनी जिंकला म्हणून देशभर चर्चा झाली होती (संसदेच्या वरच्या सभागृहाने, लॉर्ड्सनी, पुढे तो ३०९ विरुद्ध ११८ मतांनी फेकून दिला, ती गोष्ट वेगळी). इथे कुणाच्या पाठीची एक जखम कमी झाली तर तक्त्यात एक आकडा बदलतो. बास.

हे ती महिनोन्महिने, वर्षानुवर्षं करत राहिली. मधे शेजारचा हार्ट ऑफ इंग्लंड ट्रस्ट तोट्यात बुडाला होता. त्याच ट्रस्टच्या एका स्तनशल्यचिकित्सकाने कितीतरी बायकांवर नको त्या आणि अर्धवट शस्त्रक्रिया केल्या होत्या, त्याला पुढे तुरुंगात जावं लागलं. २०१५ च्या अखेरीस ती तिथलीही हंगामी अध्यक्ष झाली आणि एप्रिल २०१८ मध्ये दोन्ही ट्रस्ट एक झाले. मग कोविड. तिचा ट्रस्ट देशात सर्वांत जास्त कोविड रुग्ण सांभाळणाऱ्यांपैकी. बर्मिंगहॅमच्या प्रदर्शन केंद्रात घाईघाईने नाइटिंगेल हॉस्पिटल उभारलं, ते याच ट्रस्टच्या गळ्यात. राजपुत्राने व्हिडिओवरून उद्घाटन केलं, आणि तिथे एकही रुग्ण दाखल झाला नाही. खाटा होत्या, माणसं कुठून आणणार? त्या दिवसांत ताई ड्युटीवरून आली की गॅरेजमध्ये कपडे बदलायची आणि गालांवर मास्कचे लाल वळ घेऊन कणकेच्या गोळ्याकडे नुसती बघत बसायची. भावोजी पोळ्या लाटायला त्या वेळीच शिकले. त्याच वर्षी अध्यक्षबाई टीव्हीवरच्या नाचाच्या स्पर्धेत उतरल्या आणि सगळ्यांत आधी बाहेर पडल्या. लोकांनी टीका केली की महामारीत नाचायला वेळ कसा मिळतो. ताईला विचारलं तर म्हणाली, "अगं, अध्यक्ष आयसीयूत येऊन काय करणार होती? नाचू दे की." त्या 'नाचू दे'मध्ये माया होती की कडवटपणा, मला अजून नक्की कळलेलं नाही.

इथवर वाचून मी तिच्या बाजूने झुकायला लागले होते. मग डिसेंबर २०२२ मध्ये बीबीसीने त्याच ट्रस्टबद्दल बातमी दिली. तक्रार करणाऱ्या डॉक्टरांना दाबलं जातं, धाक घातला जातो, स्वतःच्याच डॉक्टरांची नावं मेडिकल कौन्सिलकडे पाठवली जातात असे आरोप. चौकशी झाली, २०२३ च्या अहवालाने तिथल्या वातावरणावर ताशेरे ओढले. ती २०२१ मध्येच तिथून निघालेली होती आणि कुठला ठपका तिच्यावर व्यक्तिशः आला असं नाही. पण संस्थेत भीती एका वर्षात साचत नाही. लाल-हिरव्या चौकोनांत पाठीच्या जखमा दिसतात, भीतीला चौकोन नाही. गृह खात्यात येत नव्हतं म्हणणारी बाई इथे सगळं शिकली, असा सुखान्त मी मनात रचत आणला होता, तो तिथेच थांबला. प्रश्न विचारणं हेच जिथे काम, तिथे हा प्रश्न सात-आठ वर्षांत तिने कुणाला विचारला होता का?

तोवर ती लंडनला पोचली होती, बार्ट्स हेल्थची अध्यक्ष म्हणून. आणि शेजारच्या रॉमफर्ड-इलफर्डच्या ट्रस्टचीही. बार्ट्सचं मूळ हॉस्पिटल, सेंट बार्थोलोम्यू, ११२३ सालचं, म्हणजे आपल्याकडे देवगिरीचे यादव अजून स्वतंत्र झाले नव्हते तेव्हाचं. त्याला ९०० वर्षं झाली ती तिच्याच कारकिर्दीत. पण मला त्या सोहळ्यापेक्षा वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. या हॉस्पिटलांतली झाडलोट, खाणं, स्ट्रेचर ढकलणं हे सगळं वर्षानुवर्षं कंत्राटदाराकडे होतं. काम करणारे बहुतेक काळे-सावळे, पगार कमी. २०२२ च्या सुरुवातीला त्यांनी संप केला. ट्रस्टने कंत्राट पुढे न वाढवायचं ठरवलं आणि २०२३ मध्ये सुमारे १,८०० माणसं हॉस्पिटलच्या स्वतःच्या पगारावर आली. एनएचएसचा पगार, एनएचएसची पेन्शन. संप त्यांनी केला, श्रेय त्यांचं. पण 'नाही' म्हणणं ट्रस्टला सहज जमलं असतं, आपल्याकडच्या कंत्राटी कामगारांना विचारा.

बार्ट्सची पाच हॉस्पिटलं आहेत, त्यांतलं एक न्यूहॅमचं. न्यूहॅम म्हणजे ईस्ट हॅम, प्लास्टो, अप्टन पार्क. मी हे भावोजींना फोनवर सांगितलं तेव्हा ते क्षणभर काही बोललेच नाहीत. प्लॅब देऊन नोकरीची वाट पाहणारी भारतातली सगळी पोरं ईस्ट हॅमला राहायची. एका खोलीत पाच-सहा जण, आळीपाळीने गादी, भिंतीला टेकवलेली जाडजूड पुस्तकं, दुपारचं जेवण देवळात. मंगळवारी मुरुगन, शुक्रवारी महालक्ष्मी, असं वेळापत्रकच असायचं म्हणे. भावोजींनीही तिथे काही महिने काढले. "न्यूहॅमच्या हॉस्पिटलात अटॅचमेंट मिळावी म्हणून आम्ही पत्रं लिहायचो," ते म्हणाले. "फुकट काम करायला." मी विचारलं, राग येतो का? म्हणाले, "तिचा कशाला येईल? ती नसती तर दुसरं कुणी असतं. पण तेव्हा आमच्यातला एक जण जरी तिच्या टेबलाच्या पलीकडे बसून बोलला असता ना, तर बरं झालं असतं. हॉस्पिटलात तिला तशी माणसं रोज भेटली असतील. गृह खात्यात फायली भेटायच्या."

एकदा गृहमंत्री असताना तिला पत्रकाराने विचारलं होतं, मध्यरात्री लंडनच्या हॅकनी भागातून एकटी चालत जाशील का? ती नाही म्हणाली आणि केवढं काहूर माजलं. पुढे जिथली अध्यक्ष झाली ती व्हाइटचॅपलची, माइल एंडची हॉस्पिटलं हॅकनीच्या शेजारच्याच भागात आहेत.

जुलै २०२४ मध्ये मजूर पक्ष पुन्हा सत्तेवर आला आणि तिला बोलावणं आलं. पद कुठलं, तर कौशल्यमंत्री. सोबत विद्यापीठंही. निवडणूक न लढवता, उमरावपद देऊन, मॉल्व्हर्नच्या बॅरोनेस स्मिथ म्हणून. पंधरा वर्षांपूर्वी 'मला कौशल्य नव्हतं, नशीब होतं' म्हणाली होती तीच. मी हसले, पण २००९ सारखी नाही. या खेपेला ती दहा वर्षांहून जास्त तक्ते वाचून गेली आहे, मंत्रिमंडळात असं किती जण असतील? फरक पडतो का, ते मात्र तपासून बघण्यासारखं आहे, कारण तपासायची जागा लगेचच आली. २०२५ च्या मे महिन्यात तिच्या सरकारने स्थलांतराची नवी श्वेतपत्रिका काढली. सूर ओळखीचाच. बाहेरून माणसं आणणं कमी करा, आपली शिकवा. केअर होममध्ये कामाला बाहेरून नवी माणसं आणणं बंद, कायम राहण्याचा हक्क पाचऐवजी दहा वर्षांनी, आणि शिक्षण संपल्यावर मुलांना मिळणारा दोन वर्षांचा व्हिसा अठरा महिन्यांवर. ही श्वेतपत्रिका गृह खात्याची, तिची नव्हे. पण 'आपली शिकवा' हा अर्धा भाग तिच्या टेबलावरचा, आणि बाहेरून येणाऱ्या मुलांच्या फीवर तगून असलेली विद्यापीठंही.

भावोजींची पुतणी नाशिकला बीफार्मच्या शेवटच्या वर्षाला आहे. बर्मिंगहॅमला एमएस्सी करायचं तिच्या डोक्यात आहे. परवा तिने मला फोन करून विचारलं, "मावशी, अठरा महिन्यांत नोकरी मिळते का गं तिकडे? बाबा म्हणतात लोन पंचवीस लाखांचं होईल." मी तिला काकांशी बोल म्हणाले. काका तिला श्वेतपत्रिकेची पीडीएफ पाठवून बसले आहेत, आधी हे वाच म्हणून. ती म्हणते, एवढं कोण वाचणार, तुम्ही फक्त हो की नाही ते सांगा.